उंबरखुट्याची नाली

वऱ्हाडात जाऊन आलो असे सांगितले की आमच्या साताऱ्याकडची माणसे कापूस, ऊन आणि तिखट जेवण यांची चौकशी करतात. मी तिथे दीड महिना राहिलो तो एका गल्लीच्या सांडपाण्यापायी, असे म्हटले की ऐकणाऱ्याचा उत्साह मावळतो. तरीही ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तिथे मी जितका धास्तावलेला होतो तितका आयुष्यात दुसरीकडे कुठे नव्हतो.

मी इकडच्या एका लहान नगरपालिकेत गटारांवरचा ओव्हरसिअर आहे. माझी धाकटी बहीण शांता कामरगावापासून दोन कोसांवरच्या उंबरखुट्याला दिलेली. मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि शांताची थोरली जाऊ दोन दिवसांत गेली. दिवाळी झाल्यावर शांताचे पत्र आले: ‘दादा, तू परक्यांच्या गावची गटारे बांधतोस. बहिणीच्या गावाला एक बांधून दे. पुढच्या उन्हाळ्याची मला आत्तापासून झोप लागत नाही.’ मी रजा टाकली.

कारंज्याहून पुढे

मूर्तिजापूरहून कारंज्याला जाणारी छोटी आगगाडी इतकी सावकाश चालते, की उतारू मध्येच उतरून हरभरा उपटतात आणि पुन्हा चढतात. कारंज्याला माझे मेहुणे यशवंतराव दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे तिकडची छताची बैलगाडी. उंच, शांत माणूस. बोलण्याआधी मिशीवरून दोनदा हात फिरवणार.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. कापूस उडून बाभळींच्या काट्यांना अडकलेला, त्यामुळे झाडे पांढरी फुलल्यासारखी दिसत होती. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे जमीन काळी, सपाट, आणि नजर जाईल तिथवर जातच राहते. मला मात्र त्या सपाटीची धास्ती वाटली. माझी सगळी विद्या उताराची. आमच्याकडे पाणी सोडले की ते आपणहून ओढ्याला लागते. इथे ते जाणार कुठे?

शांताच्या दारात पेटी उतरवताना पहिला अपघात झाला. विहिरीत टाकायचे लाल औषध मी बाटलीतून नेले होते. बाटली फुटली आणि माझी दोन धोतरे जांभळी झाली. निम्मे औषध कसेबसे वाचले. शांताने ती धोतरे वाळत घातली तेव्हा शेजारच्या बायका पाहायला आल्या. ‘साताऱ्याकडे असंच नेसतात काय वं?’ म्हणून एकीने विचारलेही.

गल्लीचे पाणी

पहिल्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे फोडून तुपात बुडवायचे. भाजीचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून वाफ निघाली. यशवंतराव म्हणाले, “दादा, हे तं पाव्हन्यासाठी सपक केलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली पाहिली. गटाराला तिकडे नाली म्हणतात, पण तिथे नाली नव्हतीच. प्रत्येक घराच्या न्हाणीचे पाणी भिंतीतल्या भोकातून गल्लीत पडे. त्यात भांड्यांची राख, गुरांचे मूत, पोराबाळांचे सगळे काही. गाडीच्या चाकोऱ्यांतून ते काळे पाणी खाली सरके आणि गाव संपते तिथे मोठे डबके होऊन बसे.

गाव संपते असे मला सांगण्यात आले होते, पण ते तिथे संपत नव्हते. डबक्याच्या पलीकडे बारा-पंधरा घरे होती. त्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्यांची विहीर वेगळी, डबक्यापासून तीस-चाळीस पावलांवर. मी तीही पाहिली आणि नकाशात एक गोल काढला. त्या वेळी एवढेच केले, हे कबूल करतो.

माझा बेत असा: गल्लीच्या कडेने दगडी नाली, तिच्या शेवटी गाळ बसायला एक हौद, आणि हौदातले निवळ पाणी जिरायला दगडगोट्यांनी भरलेला मोठा शोषखड्डा. जागा अर्थात डबक्याची. पाणी आपणहून तिथेच जाते, मग त्याच्याशी भांडायचे कशाला?

खोदायला सुरुवात केली तेव्हा पलीकडच्या घरांतून एक बाई आल्या. चाळिशीच्या, कपाळावर गोंदण, कमरेवर रिकामी घागर.

“काहून खोदून राह्यले इथं?”

“तुमच्या दारातलं डबकं जाणार आता, बाई,” मी म्हणालो.

“जाईन कुठं?”

“जमिनीत.”

“आन् जमिनीतून?”

मी हसलो आणि मजुरांकडे वळलो. त्यांचे नाव गिरजाबाई. त्यांचे सासरे सोनाजी माझ्याच खड्ड्यावर रोजाने खोदत होते. ते खालूनच म्हणाले, “घरी जाय वं. साहेबाले काम करू दे.” सून घागर सावरून गेली.

गावाने मला दोन दिवसांत ‘मामा’ करून टाकले होते, सुनबाईचा भाऊ म्हणून. मामा जे सांगेल ते गाव करत होते. काळी माती सात हात निघाली, मग मुरूम लागला, फुटलेला, भेगाळलेला. आम्ही चार घागरी ओतल्या आणि पाणी बघता बघता नाहीसे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झालो. काळ्या जमिनीची मला जी धास्ती होती ती फिटली असे वाटले.

नाली पुरी होताच गल्ली कोरडी पडली. डबके आटले. शांता दारात उभी राहून पाहत होती. जाऊबाईंच्या आठवणीने तिचे डोळे भरले आणि तिने मला गोड शिरा करून घातला.

करीम मिस्त्री

हौदाचे पक्के काम करायला कामरगावहून करीम मिस्त्री आले. पांढरी दाढी, पायांत धूळ, साठीला टेकलेले. त्या टापूतल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. त्यांनी हौद पाहिला, ‘ठीक हाय’ म्हणाले. मग खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ उठेनात.

“रोज गावाचं पानी पेऊन राह्यला हा?”

“रोज. एकदाही तुंबला नाही,” मी अभिमानाने म्हणालो.

“साहेब, जो खड्डा इतकं पानी पेते, तो पोटात ठेवत नसते. कोनाले तरी देते.” त्यांनी विहिरीकडे मान वळवली. “ते विहीर माह्या अब्बानं बांधली. तिचा झरा याच अंगानं येते. पानी वरून दिसते तसं चालत नाई, साहेब. आतून त्याचा रस्ता अलग राह्यते.”

“मधे मातीचं अंतर आहे. माती पाणी गाळते.”

“माती गाळते. भेग नाई गाळत.”

एवढे बोलून ते उठले आणि चुना मळायला लागले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. आमच्याकडे मी ती शिकाऊ उमेदवारांना शिकवतो. पण टाळ्या ऐकल्यावर मी भेगांचा विचारच सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सोनाजी कामावर आले नाहीत. यशवंतराव सहज म्हणाले, “त्याले हगवन लागली म्हन्ते.”

शांताने माझ्याकडे पाहिले. मागच्या उन्हाळ्याची सुरुवात अशीच झाली होती, हे तिच्या तोंडावर लिहिलेले होते. “पटकी या दिवसांत येत नाही गं,” मी म्हणालो. ते मी तिला सांगत होतो की स्वतःला, देव जाणे.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवते ते एवढेच, की मी दर दोन तासांनी काहीतरी निमित्त काढून खालच्या घरांकडे जाई आणि लांबूनच विचारी, “कसं आहे?” गिरजाबाई दारातून सांगत, “तसंच हाय.” तांदळाची पेज आणि मीठ-साखरेचे पाणी द्या, पाणी उकळून घ्या, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “उकळाले काड्या कुठून आनू सगळ्यायसाठी? आन् पानीच काहून उकळायचं, मामा? पानी खराब हाय का?”

मी तसाच करीम मिस्त्रींकडे गेलो.

मीठ

करीम मिस्त्रींनीच वाट दाखवली. “मीठ टाका खड्ड्यात. पोतंभर. झरा इकडून जात असन तं विहीर आपल्या तोंडानं सांगन.”

कामरगावहून मीठ आणले. हौदात विरघळवून ते सगळे शोषखड्ड्यात सोडले आणि वाट पाहू लागलो. एक दिवस गेला, काही नाही. मला जेवण गोड लागू लागले. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर गिरजाबाई विहिरीवरून ताडताड चालत आल्या. मागे तीन-चार बायका.

“पानी खारं झालं,” त्या म्हणाल्या. “काय टाकलं तुमी?”

आम्ही सगळे विहिरीवर गेलो. करीम मिस्त्रींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, डोळे मिटले. “खारं हाय, साहेब.”

ते खरे निघायला मला नको होते. आधी या विहिरीचे पाणी चाखून ठेवायला हवे होते, म्हणजे फरक कळला असता. ते मी केले नव्हते. म्हणून मी म्हणालो, “कदाचित मुळातच थोडं मचूळ असेल. तुम्हाला मीठ टाकल्याचं ठाऊक, म्हणून तसं लागत असेल.”

गिरजाबाईंनी विहिरीत गडवा सोडला, भरून वर ओढला आणि माझ्यासमोर धरला.

“मले ठाऊक नव्हतं मिठाचं. जलमभर हेच पानी पेली मी. गोडं हाय आमचं पानी. तुमी पेतच नाई, मामा, मंग तुमाले कसं समजन?”

वरच्या गल्लीतले पाच-सात लोक काठावर जमले होते. यशवंतरावही होते. मी काही फार सोवळ्यातला नव्हे. पण त्या हातचे पाणी आजवर प्यालो नव्हतो, आणि तिथे जमलेल्यांपैकी कोणीच प्यालेले नव्हते. ते सारे माझ्याकडे बघत होते. खरे सांगायचे तर मला त्यांची जेवढी भीती वाटली त्याहून जास्त त्या पाण्याची वाटली. सोनाजी आत खाटेवर होते. पंधरा दिवस गल्लीतले काय काय त्या खड्ड्यात गेले होते, ते माझ्याइतके कोणाला माहीत नव्हते. आणि तेच पाणी ती बाई रोज पीत होती.

मी गडवा घेतला आणि प्यालो.

खारट होते. शंका घ्यायला जागाच नव्हती.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “खड्डा इथे नको होता. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, तेव्हा मी ऐकायला हवं होतं.”

गिरजाबाई रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून गडवा घेतला, पाणी जमिनीवर ओतले आणि विचारले, “मंग आता आमी काय पेऊ?”

दोर

हाच प्रश्न दुपारी चावडीवर आला. मी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि नाली बंद करायला सांगितली. गलका झाला. “मंग आमचं पानी पुन्ना दारात साचू देऊ का?” एकाने विचारले. मी म्हणालो, “चार दिवस साचू द्या. त्यांच्या विहिरीत जाण्यापेक्षा बरं.” ती विहीर उपसून, गाळ काढून, औषध टाकून साफ होईपर्यंत खालच्या लोकांना गावच्या विहिरीचे पाणी द्यावे, असे मी सुचवले.

त्यावर गलका थांबला. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आमच्यातला कोनी काढून वतून देईन. त्यायनं भांडे खाली ठेवावे.”

गिरजाबाई चावडीच्या पायरीखाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “वतून कायले देता? तुमी दिवसातून एकडाव वतान, आमी दिवसभर वाट पाहू. दोर द्या.”

कोणी दोर दिला नाही.

घरी आल्यावर शांता नवऱ्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला असे बोलताना मी ऐकले नव्हते. “मळ्यातली विहीर तुमची एकट्याची आहे. तिथे चावडीला विचारावं लागत नाही.”

यशवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. “लोक आपल्या घरी येनार नाईत, शांते.”

“मोठ्या जाऊबाई गेल्या तेव्हा तरी कुठे आले होते? पटकीच्या भीतीनं खांद्यालासुद्धा चारजण मिळाले नव्हते.”

यशवंतराव उठले, खुंटीवरचा नवा दोर काढला, स्वतः खालच्या घरांकडे गेले आणि तो गिरजाबाईंच्या ओट्यावर ठेवून आले. “मळ्यातून भरा. आपल्या हातानं भरा,” एवढेच बोलले. दुसऱ्या दिवसापासून तीन घरांनी शांताकडे हळदीकुंकवालाही येणे सोडले. जेवताना यशवंतरावांचे लक्ष नसे.

खालची विहीर आम्ही तीन दिवस उपसली. उरलेले लाल औषध त्यात टाकले. पाणी गुलाबी झाले, मग हळूहळू निवळले. शोषखड्डा काळ्या मातीने ठोकून बुजवला. सोनाजी त्याच सुमारास उठून बसले. ते माझ्या खड्ड्यामुळे आजारी पडले की आणखी कशाने, हे मला कधीच कळणार नाही. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवरून म्हणाले, “साहेब, माह्या रोजगाराचे दिवस भरून घ्या, काम बाकी हाय.” मला त्यांच्याकडे बघवेना.

शेताकडे

माझ्या रजेचे आठ दिवस उरले होते. या वेळी मी आधी करीम मिस्त्रींना घेऊन सगळा शिवार फिरलो आणि ते दाखवतील तिथेच पाऊल टाकले. गल्लीच्या मध्यावर नाली वळवून ती यशवंतरावांच्या शेताच्या कडेला न्यायची ठरली. तिथे माती खोल होती, मुरूम लागत नव्हता आणि मळ्यातल्या विहिरीसकट कोणतीही विहीर जवळ नव्हती. पाणी खोल जिरवायचेच नाही. एका हौदात गाळ बसेल. दुसऱ्यात मोठे दगड, खडी, कोळसा आणि वाळू यांच्यातून पाणी झिरपेल. आणि तिथून ते उथळ चरांतून केळी आणि कर्दळीला जाईल. काय उरेल ते झाडे पितील आणि ऊन पिईल.

पहिल्या दिवशी पाणी सोडले तेव्हा दुसऱ्या टोकाने काळेकुट्ट पाणी आले. आत गेले त्याहून काळे. जमलेले लोक खो खो हसू लागले. करीम मिस्त्री हौदात वाकून म्हणाले, “कोळसा धुतला नाई, साहेब. आंघोय करून राह्यला तो.” दोन दिवसांनी पाणी निवळले. वासही फार नव्हता. करीम मिस्त्रींनी ते हातावर घेऊन पाहिले, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

पण सगळी गल्ली नालीला जोडली गेली नाही. नाली वळवल्यामुळे आपापल्या दारापुढचा चर ज्याने त्याने नव्याने खोदायचा होता. निम्म्या घरांनी खोदला. उरलेल्यांनी ‘पाहू’ म्हटले. त्यांचे पाणी पूर्वीसारखेच खाली सरकत राहिले. फक्त आता ते कमी होते. मी प्रत्येक दारात जाऊन विनवले. माझी रजा संपली.

निघालो त्या दिवशी दमणी गावाबाहेर पडेपर्यंत मी मागे वळून गल्लीकडेच बघत होतो. शांताने दशम्या बांधून दिल्या होत्या. कारंज्यापर्यंत त्या सोडाव्याशा वाटल्या नाहीत.

घरी आल्यावर प्रत्येक पत्राची धास्ती वाटे. पाकीट फोडण्याआधी मी ते उजेडात धरून बघे, जणू आजाराची बातमी बाहेरूनच दिसेल. फाल्गुन गेला, चैत्र गेला. भर वैशाखात शांताचे जाड पाकीट आले. आजाराचे काही नव्हते. तिने लिहिले होते:

‘होळीनंतर खालच्या घरांपुढे पुन्हा डबके होऊ लागले. गिरजाबाईंनी दोनदा येऊन सांगितले, कोणी ऐकले नाही. मग एके दिवशी त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या बायका दगड घेऊन आल्या आणि गल्ली जिथे त्यांच्याकडे उतरते तिथे त्यांनी गुडघाभर बांध घातला. वर माती लिंपली. सोनाजीबाबा शेजारी काठी घेऊन बसले. दोन दिवसांत वरच्यांचे पाणी वरच्यांच्याच उंबऱ्यांना लागले. खूप आरडाओरडा झाला, बांध फोडायलाही माणसे निघाली. पण हे जाऊन सोनाजीबाबांच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी उरलेल्या घरांनी कुदळी काढल्या. दादा, आता सगळी गल्ली नालीला जोडली आहे. बांध मात्र त्यांनी काढला नाही. राहू दे म्हणतात.’

पत्र वाचून मी पेटीतून उंबरखुट्याचा नकाशा काढला. गल्लीच्या तोंडाशी शाईने एक जाड रेघ ओढली आणि तिच्यापुढे लिहिले: बांध, गिरजाबाईंचा.